तोंडात उरलेलं नाव

गेल्या महिन्यात निपाणीहून एक बाई माझ्याकडं आल्या होत्या. त्यांच्या थोरल्या दिरांच्या अंगावरनं वारं गेलंय, वाचा गेलीय. माणूस समोर बसून रडतं आणि बोलता काही येत नाही. बाई म्हणाल्या, "आक्का, तुमास्नी परत बोलायला आलं म्हणं. कसं आलं त्येवडं सांगा की." मी सांगायला बसले आणि पहिल्याच वाक्याला अडकले. मला अजून चहा म्हणायचं असलं की कधी कधी तोंडात चमचा येतो. बाईंनी बिचाऱ्यांनी लई धीर धरला, पण त्यांची बस चुकेल म्हणून शेवटी मीच त्यांना उठवलं. त्या गेल्यावर माझी लेक विमल म्हणाली, "आई, तू दमादमानं सांग, मी लिहून घेते. त्या बाईंना देऊ."

विमल आता शाळेत शिकवते. तिनं माझी भाषा घासूनपुसून घेतली आहे. जिथं फारच घासली तिथं मी ती परत होती तशी करायला लावली, त्यावरनं आमचं वाजलंही. वाचणाऱ्यानं एवढंच ध्यानात ठेवावं, की इथं सरळ दिसतंय ते एकही वाक्य माझ्या तोंडातनं सरळ आलेलं नाही.

खानावळ

आम्ही बेळगावात शहापुरात राहतो. घर म्हणजे पुढच्या बाजूला माझी खानावळ आणि मागं आम्ही चौघं. मालक, म्हणजे माझा नवरा, फौंड्रीत मोल्डिंगचे मेस्त्री. सासूबाई मूळच्या गुंजी गावच्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. आणि विमल, मला वारं गेलं तेव्हा ती मॅट्रिकला होती.

खानावळीत संकेश्वर, निपाणीकडची कॉलेजची पोरं असायची, कोर्टातले कारकून असायचे, दोन-तीन कानडी मास्तर असायचे. मराठीवाल्याला मराठीत आणि कानडीवाल्याला कानडीत शिव्या घालायची माझी तयारी होती. ताटात टाकलेलं अन्न दिसलं की मी सोडायची नाही. "बापानं पिकवलंय त्ये टाकतोस व्हय रं?" म्हणून एकदा एका वकिलाला बोलले होते, आणि त्यानं मुकाट्यानं ताट पुसून खाल्लं. मालक अगदी उलटे. दिवसभर वाळूत आणि भट्टीपुढं उभं राहून येणारा माणूस, घरी आला की हं आणि हूं. गल्लीत म्हणायचे, ह्या घरात बोलायचं काम बाईकडं हाय. मला ते ऐकून बरंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

भाकरी

ऐंशी साल उलटून गेलं होतं. सकाळी सकाळी मी भाकऱ्या थापत होते. उजवा हात एकाएकी जड झाला. भाकरी परातीतच फाटली. मला वाटलं मुंग्या आल्या असतील, म्हणून झटकायला गेले तर हात उचलेना. चुलीवर तवा तापून धूर निघत होता. विमल दारात वेणी घालत उभी. मला म्हणायचं होतं, "तवा उतर गं, भवाने." तोंड उघडलं, आतनं जोरही लावला, आणि काही म्हणजे काही आलं नाही.

विमल हसली. तिला वाटलं मी तिला वेडावतेय. मग माझं तोंड एका बाजूला ओढलेलं तिला दिसलं आणि तिनं किंकाळी फोडली.

मालकांनी मला उचलून रिक्षात घातलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, तळपायाला किल्ली ओढली. उजवा पाय उठेना, हात उठेना. "मेंदूचं रक्त अडकलंय. अर्धांग आहे," असं ते मालकांना म्हणाले. मी शुद्धीवर होते. मला सगळं ऐकू येत होतं, सगळं कळत होतं. मला विचारायचं होतं की मी मरतेय का, आणि खानावळीची चूल कुणी विझवली का. मी डॉक्टरांचा कोट डाव्या हातानं धरून ओढला. त्यांनी हळूच माझी बोटं सोडवली आणि पुढच्या खाटेकडं गेले.

ज्यांच्या घरी असं माणूस असेल त्यांना एकच सांगते. त्याला कळतंय. त्याच्यासमोर "आता हिचं काय खरं न्हाय" असं बोलू नका. माझ्यासमोर चार जण बोलले, आणि ते चौघं कोण ते मला आजही पाठ आहे.

वॉर्ड

पहिले काही दिवस माझ्या तोंडातनं आवाजच नव्हता. सकाळी झाडूवाली यायची, मग सिस्टर थर्मामीटर घेऊन, मग डॉक्टरांचा घोळका. दुपारी भेटायला येणारी माणसं. गुंजीचे एक मामा कबुतर घेऊन आले, त्याचं रक्त चोळलं की वारं उतरतं म्हणून. सिस्टरनं मामांना कबुतरासकट बाहेर काढलं. मला आतनं इतकं हसू आलं, पण बाहेर आलं ते रडंच. हसायला गेलं की रडं यायचं, त्याला मी काय करू?

अंग दुसऱ्याच्या हातात गेलं की लाज वगैरे काही राहत नाही. आत्याबाई माझं सगळं करायच्या. ज्या सासूपुढं मी वीस वर्षं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, ती माझं लुगडं बदलत होती. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, हे मी मुद्दाम लिहायला सांगतेय.

एका दुपारी घसा कोरडा पडला होता. आत्याबाई उशाशी, मालक पायाशी, शेजारच्या खाटेच्या पाहुण्या बायका भोवती. मला पाणी मागायचं होतं. मी सगळा जोर लावला आणि तोंडातनं स्वच्छ, खणखणीत शब्द आला:

"परशराम!"

हे मालकांचं नाव आहे. ते इथं लिहिलंय विमलनं. सांगताना मी नुसतं बोटानं मालकांकडं दाखवते, ती लिहिते.

आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात, डोहाळजेवणात बायका दार अडवतात तेव्हा उखाण्यात एकदाच, तेही भरभर म्हणून पदरात तोंड घालायचं. एरवी नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. मी तर देवळातल्या परशरामालासुद्धा यल्लम्माचा लेक म्हणायची. मालकांना मी हाक मारली ती 'अवो'. चुलीपासनं, परसातनं, बाजारात, सगळीकडं 'अवो'. एवढ्यावर संसार झाला होता.

आणि आता भर वॉर्डात, सासूसमोर, परक्या बायकांसमोर मी नवऱ्याला नावानं हाक मारली होती. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मालक उठून उभे राहिले. मला म्हणायचं होतं, अहो नाही, पाणी, पाणी! मी घाईघाईनं चूक सुधारायला गेले.

"परशराम! परशराम, परशराम!"

पहिल्यांदा आत्याबाईच सावरल्या. शेजारच्या बायकांना म्हणाल्या, "यल्लम्माच्या लेकाचं नाव घेतीया. देवाचं लई हाय तिला आदीपासनं." बायकांनी हात जोडले. मालकांनी मात्र तांब्यातलं पाणी ओतलं आणि माझ्या ओठांना लावलं. त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक.

त्या दिवसापासनं माझ्या तोंडात तो एकच शब्द राहिला. उशी पाहिजे, परशराम. दुखतंय, परशराम. भांडं द्या, परशराम. विमलला जवळ बोलवायचं, तरी परशराम. शब्द बाहेर पडला की मला लगेच कळायचं की हा नव्हे. कपाळावर हात मारून घ्यायचे आणि परत तोच. जन्मभर जे बोलायचं नाही तेवढंच देवानं तोंडात ठेवलं, आणि ज्याच्यावर माझं पोट होतं ते सगळं बोलणं काढून नेलं. मला इतका राग यायचा की मी डाव्या हातानं गादी बडवायची.

त्या वॉर्डात एक मल्याळी सिस्टर होती. तिला ना मराठी येत होती ना आमची रीत ठाऊक. मी "परशराम" म्हटलं की ती हातातलं टाकून यायची. "आयी, आयी. क्या परशराम? पानी परशराम? पेशाब परशराम?" एकेक करून विचारायची, मी मान हलवायची. तिच्यापुढं मला कधी लाज वाटली नाही. दुखण्यात अशी एखादी परकी बाई भेटली तर तिला सोडू नका.

घरी

घरी आणलं तेव्हा काठी धरून, पाय ओढत चार पावलं टाकता येत होती. खानावळ बंदच होती. कॉलेजची पोरं भेटायला आली. मला त्यांना विचारायचं होतं, "जेवलास का रं?" मी विचारलं ते परशराम. एक पोरगं गालात हसलं, दुसऱ्यानं त्याला कोपर मारलं. ते गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून बसले.

गल्लीत बातमी पसरली. नळावर बायका म्हणायच्या, "आक्का नवऱ्याला नावानं हाक मारतीया, वरडून वरडून." फौंड्रीत मालकांची थट्टा झाली असणार, पण ते काही बोलले नाहीत. मी नाव उच्चारलं की फक्त "हं" म्हणायचे. सकाळपासनं झोपेपर्यंत मी म्हणायची आणि ते हं म्हणायचे. चिडून म्हटलं तरी हं.

पावसाळ्यात मालकांना कावीळ झाली.

डोळे पिवळे, अन्नाचा वास सहन होईना, काळाकभिन्न माणूस हळदीसारखा झाला. कावीळ गल्लीत आणखी कुणाकुणाला झाली होती, पाणीच खराब होतं. हे आज मी शहाणपणानं सांगते. तेव्हा त्या घरात दोघी बायकांच्या मनात एकच गोष्ट होती आणि आम्ही दोघी ती बोलत नव्हतो. एक बोलत नव्हती कारण तिला बोलता येत नव्हतं.

एका दुपारी मालक गोधडीत पडले होते. मला त्यांना पेज प्यायला उठवायचं होतं. मी "परश..." एवढं म्हटलं, आणि आत्याबाईंनी येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. त्या माझ्या पुढ्यात खाली बसल्या, आणि सासू असून त्यांनी माझ्या पायाला हात लावला.

"पोरी, तुझा दोष न्हाय. मला समदं कळतंय. पर येकुलता येक लेक हाय गं माझा. तुझ्या पाया पडती. गप ऱ्हा."

मी त्यांचे हात धरले आणि मान हलवली. त्या दिवसापासनं मी तोंड उघडायचं बंद केलं. पाणी पाहिजे तर बोट. भूक लागली तर बोट. दुखलं तर ओठ दाताखाली. तुम्ही म्हणाल, अडाणी होती. असेन. माझी विद्या सातवीपर्यंतची. पण तुमच्या तोंडात एकच शब्द असता, तो म्हटला की नवरा मरतो असं लहानपणापासनं ऐकलेलं असतं, आणि नवरा समोर पिवळा होऊन पडला असता, तर तुम्ही काय केलं असतं ते मला सांगा.

मालक बरे झाले. डोळे पांढरे झाले, कामावर जायला लागले. आत्याबाईंनी सौंदत्तीला जाऊन यल्लम्माला नारळ फोडला. आणि मी गप्पच राहिले. आता तर तोंड उघडायची जास्तच भीती, कारण गप्प राहिल्यावरच उतार पडला होता ना.

डोक्याचं चित्र

आमच्या सरकारी डॉक्टरांनीच मुंबईचं सुचवलं. त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर तिथल्या मोठ्या इस्पितळात वाचा गेलेल्या माणसांचा अभ्यास करत होते. नवीन यंत्र आलं होतं, त्यात डोकं न उघडता मेंदूचं चित्र निघतं. चित्र काढायचं, माणसाला बोलतं करून बघायचं, वर्षभरानं परत चित्र काढायचं, आणि बोलणं परत येतं ते मेंदूत कुठनं येतं ते शोधायचं. आम्ही विमलला घेऊन, मिरजेला गाडी बदलून गेलो.

डॉक्टर तरुण होते, मराठीच होते. पुस्तकातलं बोलायचे, पण माणूस मनमिळाऊ. त्यांनी टेबलावर किल्ली, फणी, पेला, काड्यापेटी मांडली. "हे काय आहे, बाई?"

मी ओठ मिटून बसले.

"बोला. चुकलं तरी चालेल."

मी मान हलवली. विमल म्हणाली, "आधी बोलायची, डॉक्टर. एकच शब्द यायचा. आता महिने झाले, तोही बोलत नाही."

"का?"

विमलला कारण ठाऊक नव्हतं. मालकांनाही नव्हतं. आत्याबाईंची आणि माझी ती गोष्ट होती. डॉक्टर जरा कडक आवाजात म्हणाले, "बाई, बोलल्याशिवाय बोलणं परत येत नाही. हे पहिलं वर्ष महत्त्वाचं. तुम्ही मुद्दाम गप्प बसलात तर आहे तेही जाईल."

आहे तेही जाईल. मी मालकांकडं बघितलं. टोपी गुडघ्यावर ठेवून ते माझ्याकडंच बघत होते. मला रडू फुटलं आणि रडता रडता तोंड उघडलं गेलं, आणि एवढे महिने दाबलेलं ते नाव धाडकन बाहेर आलं. किल्लीला परशराम, फणीला परशराम, पेल्याला परशराम. मला कानडीही येतं असं विमलनं सांगितल्यावर डॉक्टरांनी तिच्याकडनंच वाक्य शिकून कानडीतही विचारून बघितलं, "निम्म हेसरेनु?" म्हणजे तुमचं नाव काय. त्यालाही परशराम.

"परशराम म्हणजे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

मालक उठून उभे राहिले. "मीच जी."

डॉक्टर खूश झाले. "बघा! सगळे शब्द गेले आणि तुमचं नाव राहिलं. दिवसातनं शंभरदा घेत असतील, म्हणून टिकलं."

"न्हाय सायेब," मालक म्हणाले. "तिनं त्ये कवाच घेतलेलं न्हाय. आमच्यात घेत न्हाईत."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. "कधीच नाही? मग हाक कशी मारायच्या?"

"अवो."

"आणि ते 'अवो' आता येतं?"

मालकांनी नकाराची मान हलवली. डॉक्टरांनी तेही लिहून घेतलं.

मग मला यंत्रात घातलं. एक भलंमोठं कडं, त्यात फक्त डोकं. "हलायचं नाही, बोलायचं नाही," असं आतला माणूस बजावून गेला. आतापर्यंत सगळे बोल बोल करत होते, आता म्हणतात बोलू नका! आत घरघर सुरू झाली. मला वाटलं डोकं पिळून काढतात की काय. मी डोळे मिटले आणि तो शब्द दातांच्या आत धरून ठेवला.

चित्र काळ्या काचेसारख्या कागदावर होतं. डॉक्टरांनी उजेडासमोर धरून दाखवलं. एका बाजूला लिंबाएवढा काळा डाग. "इथं रक्त पोचलं नाही. हा भाग गेला. बोलणं इथनं चालतं." मालकांनी विचारलं, "आन माझं नाव कुठं हाय ह्येच्यात?" डॉक्टर म्हणाले की ते चित्रात दिसत नाही.

परतीच्या गाडीत मी मालकांना सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे, त्यांच्या पिवळ्या डोळ्यांची खूण केली, आत्याबाईंच्या डोक्यावरच्या पदराची खूण केली, तोंडावर हात ठेवला. त्यांना समजायला मिरज आली. समजलं तेव्हा ते माझ्यावर पहिल्यांदा ओरडले.

"माझं आयुष्य काय तुझ्या जिभंला बांदलंय व्हय? भट्टीफुडं हुबं ऱ्हातोय मी. मरायचा असतो तर कवाच मेलो असतो! म्हण तू. म्हण, हजारदा म्हण!"

डब्यातली माणसं बघायला लागली. मी म्हटलं. ते हं म्हणाले.

मीठ

डॉक्टरांनी विमलला थोडं शिकवलं होतं. आकडे म्हणायचे, वार म्हणायचे, आरत्या म्हणायच्या. गंमत अशी की सरळ बोलताना एक शब्द न येणारी मी, विमलनं सुरात सुरुवात केली की आरतीचे शब्दच्या शब्द म्हणून जायची. आरती संपली की परत परशराम. विमल मॅट्रिकचा अभ्यास करून माझ्यापुढं बसायची. मी चिडून तिच्या अंगावर पेला फेकला आहे. तीही एकदा ओरडली, "मग बस तशीच मुकी!" आणि मागच्या दारी जाऊन रडली. तिचा त्या वर्षीचा निकाल चांगला लागला नाही.

महिने गेले. एक दिवस आत्याबाईंनी आमटी केली होती. मी घास घेतला आणि तोंडातनं निघून गेलं, "मीठ."

सगळे थांबले. मी परत म्हटलं, "मीठ. नाही. मीठ नाही!" आत्याबाईंच्या आमटीला आयुष्यात पहिल्यांदा नाव ठेवलं गेलं आणि त्याच उठून माझ्या गळ्यात पडल्या. मालक उष्ट्या हातानं अंगणात गेले आणि समोरच्या घरात ओरडून सांगितलं, "मीठ म्हणली! मीठ म्हणली ती!"

त्यानंतर शब्द येत गेले, तेही आपल्या मर्जीनं. नको, भाकरी, विमल, थांब, मेल्या. शिव्या लवकर आल्या. कानडीचे काही शब्द मराठीच्या आधी आले. आणि जसे हे शब्द येत गेले तसा तो पहिला शब्द कमी होत गेला. कधी थांबला ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

वर्षानं परत मुंबईला गेलो. परत ते कडं, परत घरघर. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. काळा डाग होता तसाच. तसूभरही भरला नव्हता. मी मोडकं तोडकं विचारलं, "मग बोलणं... कुठनं?" डॉक्टर हसले. म्हणाले, "बाई, तेच तर मला माहीत नाही. शेजारच्या भागानं काम उचललं असेल, दुसऱ्या बाजूनं उचललं असेल. या चित्रात मेलेलं दिसतं, काम करणारं दिसत नाही." एवढा मोठा माणूस माहीत नाही म्हणाला, त्याचं मला बरं वाटलं आणि भीतीही वाटली.

अवो

मुंबईहून आल्यावर काही दिवसांनी मालक परसात बसून माझी चूल लिंपत होते, खानावळ परत सुरू करायची म्हणून. चहा झाला होता. मी दारात उभी राहिले आणि हाक मारली.

"अवो!"

माझा मलाच विश्वास बसेना. एवढी वर्षं ज्या शब्दावर संसार केला तो परत आला होता. मालकांनी मान वर केली नाही. मी परत म्हटलं, "अवो, चहा!" ते लिंपतच राहिले. विमल आतनं ओरडली, "आप्पा, आई हाक मारतीया की!"

ते उठून आले, हात धुतले, पायरीवर बसले. मी कपाळावर हात मारला. ते कधी नव्हे ते एकदम बोलायला लागले.

"ध्यानातच आलं न्हाय गं. सवय मोडली." चहा बशीत ओतला, पण प्याले नाहीत. "आई मला पर्शा म्हणती. फौंड्रीत मेस्त्री म्हणत्यात. पोरगी आप्पा. पुरं नाव घिऊन मला कुणीच कवा हाक मारली न्हाय. तू वर्सभर मारलीस. समदी गल्ली हसायची, पर मला... मला बरं वाटायचं." मग खाली बघून म्हणाले, "येकदा म्हण की."

आत्याबाई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "म्हण गं," त्या म्हणाल्या. "मी कानावर हात ठिवती." आणि खरंच दोन्ही कानांवर हात ठेवून, डोळे मिटून बसल्या.

मी तोंड उघडलं. नाव मला ठाऊक होतं. डोळ्यांसमोर अक्षरं दिसत होती. ओठ जुळवले. जोर लावला. मालक माझ्या तोंडाकडं बघत होते, बशी तशीच हातात.

आलं नाही. 'अवो' आलं, 'चहा' आला, 'मीठ' आलं. जो शब्द हजारदा नको असताना बाहेर पडला तो एकदा पाहिजे होता तर येईना. त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशी आला नाही. विमलनं सुरात घालून बघितला, आरतीच्या चालीवर बघितला. मी एकटी असताना न्हाणीत दार लावून किती वेळा म्हणून बघितलं. हा मेंदूतला डाग आहे का वीस वर्षांची मोडलेली लाज परत बसलीय, मला सांगता येत नाही. डॉक्टरांना विचारून बघितलं, त्यांनाही सांगता येत नाही.

निपाणीच्या बाई, तुमच्या दिरांना जो शब्द येतोय तो बोलू द्या. चुकीचा असला, लाजिरवाणा असला तरी बोलू द्या, आणि तुम्ही हं म्हणा. कुठला शब्द परत येईल आणि कुठला जाईल हे तुमच्या हातात नाही, त्यांच्याही नाही.

खानावळ आता चालते. मालक फौंड्रीतनं सुटले आहेत, मला भाजी चिरून देतात. मधेच कधी विळीवरचा हात थांबवून माझ्या तोंडाकडं बघत बसतात. काय पाहिजे ते मला कळतं. मी तोंड उघडते, ओठ जुळवते, आणि शेवटी म्हणते, "अवो." ते हं म्हणतात आणि परत चिरायला लागतात.